शाळेची परिचारिका : मिस लीना रॉजर्स यांचें चरित्र

शाळेंतील एखाद्या मुलाच्या डोक्यांत उवा झाल्या, हाताला खरूज आली किंवा डोळे लाल होऊन चिकटूं लागले, तर मास्तरांनीं काय करावें? त्याला घरीं पाठवावें, म्हणजे इतर मुलांना बाधा होणार नाहीं, हें उत्तर सर्वांना चटकन् सुचतें. आणि तें अगदींच चुकीचें आहे असेंही नाहीं. परंतु घरीं पाठविलेल्या त्या मुलाचें पुढें काय होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वी अमेरिकेंतील न्यू यॉर्क शहरांत एका परिचारिकेनें या प्रश्नाचा पिच्छा पुरविला, आणि उत्तर शोधण्यासाठीं ती रोज त्या मुलांच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत गेली. तिचें नांव मिस लीना रॉजर्स.

सरकारी शाळांत नगराच्या खर्चानें परिचारिका नेमण्याची प्रथा ज्या कामांतून निघाली, तें काम रॉजर्सबाईंनीं १९०२ सालीं आरंभिलें. पूर्वी कोणी न केलेलें काम पहिल्या दिवशीं हातीं घेणारास काय काय अडचणी सोसाव्या लागतात, तें त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसून येतें. म्हणून तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जन्म व शिक्षण

लीना रॉजर्स यांचा जन्म १८७० सालीं कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत झाला. तरुणपणीं त्यांनीं परिचारिकेचा पेशा पत्करला, आणि टोरांटो शहरांतील आजारी मुलांच्या इस्पितळाला जोडलेल्या शिक्षणशाळेंतून १८९४ सालीं त्या उत्तीर्ण झाल्या. हें इस्पितळ केवळ मुलांसाठीं होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मोठा माणूस आपलें दुखणें शब्दांनीं सांगतो. लहान मूल तें लपवितें, किंवा रडून सांगतें, किंवा मुळींच सांगत नाहीं. मोठ्याला औषधाचा उपयोग समजावून देतां येतो. मुलाचा विश्वास मात्र आधीं संपादन करावा लागतो. मुलांची शुश्रूषा करण्याची जी रीत रॉजर्सबाई तेथें शिकल्या, तीच पुढें त्यांच्या आयुष्याची शिदोरी ठरली.

कालांतरानें त्या न्यू यॉर्क येथें आल्या व हेन्री स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावरील परिचारिकांच्या सेवागृहांत दाखल झाल्या. या सेवागृहाची हकीकत सांगितल्यावांचून रॉजर्सबाईंच्या कामाचा उगम समजावयाचा नाहीं.

हेन्री स्ट्रीटवरील घर

हें सेवागृह मिस लिलियन वाल्ड यांनीं स्थापिलें. त्यांचा जन्म १८६७ सालीं एका सुखवस्तु यहूदी कुटुंबांत झाला होता. १८९१ सालीं परिचारिकेचें शिक्षण पुरें करून त्या डॉक्टरीचा अभ्यास करूं लागल्या. आणि त्याच वेळीं न्यू यॉर्कच्या पूर्व भागांतील गरीब बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे देत होत्या. १८९३ सालच्या मार्च महिन्यांत एके दिवशीं त्यांच्या वर्गांत एक लहान मुलगी आली. तिची आई बाळंत होऊन अंथरुणाला खिळली होती व तिला रक्तस्राव होत होता. वाल्डबाई त्या मुलीच्या मागून चिखलाच्या गल्ल्यांतून तिच्या घरीं गेल्या, आणि तेथें जें दृश्य त्यांनीं पाहिलें, त्यानें त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. डॉक्टरीचा अभ्यास सोडून मिस मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्या त्याच वस्तींत राहावयास गेल्या. आरंभीं जेफर्सन स्ट्रीटवरील एका चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांचें बिऱ्हाड होतें. १८९५ सालीं जेकब शिफ नांवाच्या धनिकाच्या साहाय्यानें हेन्री स्ट्रीटवरील घर मिळालें, आणि तेथून परिचारिका आजाऱ्यांच्या घरोघर जाऊं लागल्या.

ती वस्ती कशी होती, हें मुंबईच्या जुन्या चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना थोडेंफार कल्पितां येईल. रशिया, इटली इत्यादि देशांतून पोट भरावयास आलेलीं सहस्रावधि कुटुंबें पांचपांच, सहासहा मजल्यांच्या इमारतींत दाटीनें राहत असत. खोल्या अंधाऱ्या, जिने अरुंद, पाण्याची टंचाई, आणि त्याच खोलींत संसार, त्याच खोलींत कपडे शिवण्याचा धंदा. आईबापांना देशाची भाषा धड येत नसे. मुलें मात्र ती शाळेंत झटकन् उचलीत. म्हणून शाळा हीच त्या कुटुंबांची नव्या देशांत शिरण्याची वाट होती. ती वाट बंद झाली म्हणजे मुलाचें काय होतें, हें वाल्डबाईंना एका मुलावरून कळलें.

लुई नांवाचा मुलगा

लुई हा बारा वर्षांचा, दिसण्यांत चांगला व चलाख मुलगा होता. परंतु त्यानें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. त्याच्या डोक्याला इसब झालें होतें. शाळेंत गेला कीं त्याचें डोकें पाहून त्याला परत पाठवीत. दवाखान्यांतून मलम मिळालें होतें, परंतु तें कसें लावावें, किती दिवस लावावें, आधीं खपल्या कशा काढाव्या, हें घरीं कोणालाच ठाऊक नव्हतें. वाल्डबाईंनीं कांहीं नवें औषध आणलें नाहीं. दवाखान्याचेंच मलम त्यांनीं नीट रीतीनें लावलें. डोकें बरें झालें. सप्टेंबर महिन्यांत शाळा सुरू झाली, तेव्हां लुईला जन्मांत पहिल्यांदा वर्गांत बसावयास मिळालें. दुसऱ्या दिवशीं दुपारच्या सुटींत तो जेफर्सन स्ट्रीटवरील त्या चाळीचे पांच जिने धांवत चढून वर आला. सकाळीं शिकलेले सोपे शब्द अक्षरें लावून म्हणून दाखविण्याची त्याला घाई झाली होती.

वाचकहो, या मुलाचीं शाळेचीं वर्षें कशानें वायां गेलीं, याचा विचार करा. रोग असाध्य नव्हता. औषधही महाग नव्हतें. तें घरांत पडून होतें. डॉक्टर होता, शाळा होती, आईची इच्छा होती. या सर्वांना जोडणारा एक माणूस तेवढा नव्हता. वाल्डबाईंनीं ही गोष्ट मनांत ठेविली, आणि शाळेंतून परत पाठविलेल्या अशा मुलांची नोंद त्या ठेवूं लागल्या.

दारांतून परत गेलेलीं मुलें

शाळांत रोग पसरत होते हें खोटें नव्हे. लाल तापांतून उठलेला एक मुलगा अंगाची सालपटें सोडवून शेजारच्या मुलांना भिववीत वर्गांत बसला आहे, असें वाल्डबाईंच्या दृष्टीस पडलें. त्या त्याला घेऊन थेट आरोग्य खात्याच्या मुख्याकडे गेल्या. पुढें १८९७ सालीं न्यू यॉर्कच्या शाळांसाठीं १५० डॉक्टर नेमण्यांत आले. ते रोज थोडा वेळ शाळेंत येऊन संशयित मुलें तपाशीत. १९०२ सालीं ही तपासणी अधिक कडक झाली. डोळ्यांच्या खुपऱ्या, नायटे, खरूज, उवा, अंगावरील पिकलेले फोड, जें जें दिसे त्या त्या मुलास घरीं धाडण्यांत येऊं लागलें. एकट्या सप्टेंबर १९०२ मध्यें अशा १०,५६७ मुलांना परत पाठविण्यांत आलें. कित्येक वर्ग ओस पडले.

डॉक्टरांचें काम रोग ओळखण्याचें होतें. उपचार करण्याचें त्यांना सांगितलेलें नव्हतें. मुलाच्या हातीं एक चिठ्ठी देत. ती इंग्रजींत असे, आणि तींतील रोगाचें नांव पुष्कळदां आईला वाचतां येत नसे. वाचून दाखविलें तरी अर्थ कळत नसे. मूल घरीं राही, म्हणजे बहुधा रस्त्यावर राही. सायंकाळीं शाळा सुटली कीं, ज्या सोबत्यांना त्याची बाधा होऊं नये म्हणून त्याला बाहेर काढलें, त्याच सोबत्यांबरोबर तें त्याच गल्लींत खेळे, त्यांच्याच टोप्या घाली. म्हणजे मुलाची विद्या बुडाली, रोग तसाच राहिला, आणि इतरांचें संरक्षणही झालें नाहीं.

लंडन शहरांत १८९२ सालापासून गरीब वस्तींतील शाळेंत परिचारिका जात असत. न्यू यॉर्कमध्येंही तसें कां करूं नये, असा विचार वाल्डबाईंनीं मांडला. आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. अर्न्स्ट लेडरले यांच्यापुढें त्यांनीं अशी सूचना ठेविली कीं, आमच्याकडील एक परिचारिका एका महिन्यासाठीं आम्ही विनामूल्य देतों. मात्र प्रयोग यशस्वी झाल्यास हें काम नगरानें आपल्या खर्चानें पुढें चालविण्याचा यत्न करावा. हें मान्य झालें, आणि त्या कामासाठीं वाल्डबाईंनीं लीना रॉजर्स यांना निवडलें.

चार शाळा, एक परिचारिका

१९०२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत रॉजर्सबाईंनीं कामास आरंभ केला. ज्या शाळांतून पुष्कळ मुलें परत जात, अशा चार शाळा त्यांच्याकडे देण्यांत आल्या. चारी शाळांत मिळून सुमारें दहा हजार मुलें होतीं. हात दोन, आणि मुदत एक महिन्याची.

पहिली अडचण जागेची. शाळा बांधणारांनीं परिचारिकेची कल्पनाच केलेली नव्हती. तेव्हां तिच्यासाठीं खोली कोठून असणार? एका ठिकाणीं मुलांच्या खेळण्याच्या जागेचा एक कोपरा मिळाला. तेथें खिडकीची कड व भिंतीलगतची ऊब देणारी लोखंडी शेगडी हेंच औषधें मांडण्याचें मेज झालें, आणि शाळेच्या रखवालदारानें कोठून तरी एक जुनी उंच खुर्ची आणून दिली, तिच्यावर मुलांना बसविण्यांत येई. इस्पितळांतील स्वच्छ, व्यवस्थित शस्त्रक्रियागृहांत शिकलेल्या परिचारिकेला खिडकींत बाटल्या मांडून काम करावें लागणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खोली मिळेपर्यंत थांबतें असें त्यांनीं म्हटलें असतें, तर महिना तसाच निघून गेला असता.

दुसरी अडचण वेळेची. चार शाळा म्हटल्या म्हणजे एकेका शाळेला जेमतेम तासाभराचा वेळ. तेवढ्यांत डॉक्टरांनीं निवडलेलीं मुलें बोलावून घ्यावयाचीं, एकेकाचें डोकें, डोळे, हात पाहावयाचे, धुवावयाचें, मलम लावावयाचें, पट्टी बांधावयाची, नोंद करावयाची, आणि पिशवी उचलून पुढच्या शाळेची वाट धरावयाची.

तिसरी अडचण अधिकाराची. नव्या माणसाला जुन्या घरांत आपली जागा करून घ्यावी लागते. वर्ग मास्तरांचा, शाळा मुख्याध्यापकांची, रोगाचें निदान डॉक्टरांचें, आणि मूल आईबापांचें. मग परिचारिकेचें काय? ही सीमा प्रथमपासूनच आंखली गेली होती. निदान डॉक्टर करी. घटसर्प, लाल ताप, गोंवर अशा भयंकर रोगांचीं मुलें पूर्वीप्रमाणेंच शाळेबाहेर राहत. किरकोळ विकारांवर कोणता उपचार करावयाचा, हें आधीं ठरवून लिहून ठेवलेलें असे, आणि परिचारिका त्याबरहुकूम वागे. आपली मर्यादा ओळखून वागणाऱ्याच्या कामांत मत्सर शिरण्यास जागा कमी राहते.

रोजचें काम

ते उपचार कोणते होते, हें सांगण्यासारखें आहे. कारण त्यांत गूढ कांहींच नव्हतें. खरूज असेल तर औषधी साबणानें अंग घासून धुवावयाचें व गंधकाचें मलम लावावयाचें. नायटा असेल तर तसाच धुवून त्यावर औषधाचा पातळ थर द्यावयाचा, म्हणजे जागा झांकली जाऊन दुसऱ्यास लागण होत नसे. पिकलेल्या फोडांच्या खपल्या भिजवून काढावयाच्या व मलम लावावयाचें. डोळे आले असतील तर बोरिकच्या पाण्यानें धुवावयाचे. डोक्यांत उवा असतील तर घासलेट व गोडें तेल समभाग मिसळून लावावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं डोकें धुवून काढावयाचें. हा शेवटचा उपाय त्या काळचा होय. घासलेट पेट घेतें, म्हणून आज तो कोणी करूं नये. आज त्याहून निर्धोक औषधें मिळतात.

उपचार झाला कीं मूल घरीं न जातां वर्गांत परत जाई. पूर्वी ज्या फोडासाठीं मुलाचे पंधरा दिवस बुडत, त्यासाठीं आतां कांहीं मिनिटें पुरूं लागलीं. दुसऱ्या दिवशीं तेंच मूल पुन्हा येई, पट्टी सोडून पाहण्यांत येई, पुन्हा बांधण्यांत येई. परिचारिकेचें काम एका दिवसाचें नसतें. तीच जखम, तेंच मूल, तीच पट्टी, असें तें दिवसेंदिवस चालतें. ज्याला नवलाईची हौस आहे त्याचा येथें निभाव लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. मुलांच्या नोंदपत्रांवर रोगाचें नांव न लिहितां त्याबद्दल ठराविक अंक घालण्यांत येई. त्या अंकाचा अर्थ डॉक्टर व परिचारिका यांना कळे. शेजारी बसणाऱ्या मुलाला कळत नसे. उवा झालेल्या मुलीला वर्गासमोर उवांच्या नांवानें बोलावलें, तर उवा चार दिवसांत जातात, पण तें नांव वर्षभर तिच्या मागें लागतें. रोग काढावा, पण मुलाची अब्रू राखावी, एवढा विचार त्या लहानशा अंकांत भरलेला होता.

घरोघर

दुपारनंतर रॉजर्सबाई शाळेंतून घरोघर निघत. जीं मुलें परत पाठविलीं गेलीं व पुन्हा आलींच नाहींत, त्यांचे पत्ते घेऊन त्या चाळींचे जिने चढत. हा त्यांच्या कामाचा सर्वांत कठीण, पण सर्वांत फलदायी भाग होता. शाळेंत केवळ फोड दिसे. फोडाचें कारण घरीं दिसे.

कोठें आई दिवसभर कामावर जाई, आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं मोठी मुलगी घरीं ठेवलेली असे. कोठें मुलाला पायांत घालावयास जोडे नसत, व त्या थंड प्रदेशांत अनवाणी शाळेंत जाणें शक्य नसे. कोठें चिठ्ठी फळीवर तशीच पडलेली असे, कारण ती वाचणारा कोणी नव्हता. कित्येक घरीं आईला असें वाटे कीं, मुलांच्या डोक्याला फोड यावयाचेच. त्यांत शाळेनें रागावण्यासारखें काय आहे? अशा घरीं जाऊन आईला दोष देणें सोपें होतें. परंतु दोष दिल्यानें आई दार लावून घेते, आणि मग मूल कायमचें हातचें जातें. म्हणून परिचारिकेनें स्वतः बाह्या वर सारून मुलाचें डोकें धुवून दाखवावें, मलम किती घ्यावें तें बोटावर घेऊन दाखवावें, आणि दवाखान्यांत कोणत्या वेळीं जावें तें सांगावें, ही पद्धत ठरली. भाषा अपुरी पडे तेथें हात बोलत. आईला एकदां कृति समजली, म्हणजे त्या घरांतील एका मुलाचें नव्हे, तर सर्वच मुलांचें काम होई.

येथें एक शंका निघेल. दहा हजार मुलें असतां एका घरीं इतका वेळ घालविणें परवडतें काय? त्याचें उत्तर असें कीं, न जाणें हेंच परवडत नाहीं. ज्या मुलाच्या घरीं कोणी गेलें नाहीं, तें शाळेंत बरें होऊन पुन्हा घरच्या अंथरुणावरून तोच रोग घेऊन येतें, आणि परिचारिका आयुष्यभर तीच पट्टी बांधीत बसते.

महिन्याचा हिशेब

महिना संपला. त्या अवधींत रॉजर्सबाईंनीं आठशेंहून अधिक वेळां उपचार केले आणि १३७ घरांना भेटी दिल्या. ज्यांच्याकडे पूर्वी कोणीच लक्ष दिलें नव्हतें, अशीं २५ मुलें त्यांच्यामुळें शाळेंत परत आलीं. पंचवीस हा आंकडा दहा हजारांपुढें लहान दिसेल. परंतु त्यांतील प्रत्येक मूल म्हणजे एक लुईच होता.

आरोग्य खात्याची खात्री पटली. १९०२ च्या डिसेंबरांत आणखी परिचारिका नेमण्यांत येऊन त्यांची संख्या बारा झाली, आणि रॉजर्सबाई त्यांच्या मुख्य झाल्या. नगराच्या हिशेब मंडळानें या कामासाठीं ३०,००० डॉलर मंजूर केले. जें काम एका संस्थेच्या उदारपणावर चाललें होतें, तें आतां नगराचें कर्तव्य म्हणून मान्य झालें. वाल्डबाईंनीं प्रथमच तशी बोलणी करून ठेविली होती, त्यांतील शहाणपण येथें दिसून येतें.

आतां वर्षाचा आंकडा पाहा. सप्टेंबर १९०२ मध्यें १०,५६७ मुलें परत पाठविलीं गेलीं होतीं. सप्टेंबर १९०३ मध्यें ही संख्या १,१०१ वर आली. हा आंकडा नीट समजून घेतला पाहिजे. एका वर्षांत न्यू यॉर्कमधील दहांपैकीं नऊ उवा व खुपऱ्या नाहींशा झाल्या, असा त्याचा अर्थ नव्हे. पूर्वी ज्या विकारासाठीं मुलाला घालवून देत, त्याच विकारावर आतां शाळेंतच उपचार होऊं लागला, म्हणून घालविण्याची गरजच कमी झाली. रोगाहूनही रोगी मुलाला दूर लोटण्याची रीत त्या वर्षीं अधिक हटली, आणि रोग हटण्याचा मार्ग त्यांतूनच मोकळा झाला.

टोरांटो येथील कार्य

न्यू यॉर्कमधील या कामाची कीर्ति इतर शहरांत पसरली व ठिकठिकाणीं शाळांत परिचारिका नेमण्यांत येऊं लागल्या. १९१० सालीं रॉजर्सबाईंना टोरांटो येथील शाळांच्या परिचारिकांच्या मुख्य म्हणून बोलावण्यांत आलें. ज्या शहरांत त्या शिकल्या, त्याच शहराची सेवा करण्याचा योग आला.

येथें त्यांनीं उपचाराबरोबर शिकवणुकीवर भर दिला. जखम बांधणें हें आजचें काम, पण जखम होऊं न देणें हें उद्यांचें काम, असें त्यांच्या पद्धतींत दिसून येतें. मुलांना ओळीनें उभें करून दांत घासण्याची कवायत करवीत. नाक शिंकरून स्वच्छ करण्याचीही कवायत असे. हें ऐकून हंसूं येईल. पण मुलांना जें खेळासारखें वाटतें तेंच टिकतें, हें शिक्षकांना सांगावयास नको. मोठ्या मुलींसाठीं छोट्या मातांचे म्हणून वर्ग चालत. तेथें तान्ह्या मुलाला न्हाऊं कसें घालावें, दूध कसें स्वच्छ ठेवावें, हें शिकवीत. न्यू यॉर्कमध्यें भावंडाला सांभाळण्यासाठीं जी मुलगी शाळेला मुके, ती परिचारिकांना परकी नव्हती. तिच्यावर पडलेलें ओझें तिला निदान नीट उचलतां यावें, हा त्या वर्गांचा उपयोग.

१९१३ सालीं रॉजर्सबाईंचा विवाह टोरांटोच्या शाळांचे मुख्य वैद्यकीय तपासनीस डॉ. स्ट्रदर्स यांच्याशीं झाला, आणि त्यांनीं आपल्या जागेचा राजीनामा दिला. परंतु अनुभव स्वतःपाशींच ठेवून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. १९१७ सालीं शाळेच्या परिचारिकेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत शाळेंतील औषधाच्या खोलीची मांडणी, नोंदी ठेवण्याची रीत, उपचार, घरभेटी, मास्तरांशीं व आईबापांशीं वागणूक, हें सर्व सांगितलें आहे. जी बाई खिडकीच्या कडेवर बाटल्या मांडून कामाला लागली, तिनें पुढें येणाऱ्या नवख्या परिचारिकांसाठीं सर्व वाट आंखून ठेविली. पहिल्या माणसाला जें ठेंचा खाऊन कळतें, तें मागून येणाराला ठेंच न लागतां कळावें, हा पुस्तकाचा मोठा उपकार होय. वाल्डबाई १९४० सालीं वारल्या, व लीना रॉजर्स स्ट्रदर्स यांचें देहावसान १९४६ सालीं झालें.

उपसंहार

या चरित्रांत पराक्रमाचे मोठे प्रसंग नाहींत. साबण, मलम, पट्टी, जिने आणि नोंदवही, एवढेंच त्यांत आहे. तथापि ज्या खुपऱ्यांनीं त्या काळीं जगभर मुलांचे डोळे जात, त्याच खुपऱ्या आपल्या खेड्यांतूनही घरोघर ठाऊक होत्या. आणि त्या आतां भारतांत सार्वजनिक आरोग्याचें संकट म्हणून उरल्या नाहींत, अशी ग्वाही जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं दिली. एवढा मोठा रोग एका दिवसांत हटला नाहीं. अशाच स्वच्छ पाण्यानें, औषधानें, आणि घरोघर जाऊन पुन्हापुन्हा तेंच सांगणाऱ्या माणसांच्या पायपिटीनें तो हटला.

आपल्या गांवच्या शाळेंत परिचारिका असो वा नसो, मास्तर आहेत, आया आहेत, शेजारी आहेत. एखादें मूल आठ दिवस शाळेंत दिसलें नाहीं, तर हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करून पान उलटणें सोपें आहे. परंतु ती खूण म्हणजे कोणाचें तरी दुखरें डोकें असेल, आलेले डोळे असतील, किंवा कडेवरचें भावंड असेल. दाराबाहेर पाठविलेल्या मुलाच्या मागोमाग चार पावलें जाऊन, तें कोठें गेलें हें पाहणारा कोणी तरी असला पाहिजे. मिस लीना रॉजर्स यांनीं जन्मभर जें केलें, त्याचें सार एवढेंच आहे. आणि तें करण्यास सुरुवात कोणालाही आपल्या आळींतून करतां येईल.